यकृतकोशिकीय कर्करोगाचे निदान आणि प्रतिपिंड-रंजन : एक परीक्षण

यकृतातील गाठीचा सुईने काढलेला तुकडा विकृतिशास्त्रज्ञाच्या हाती येतो, तेव्हा त्याला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात. आणि ते प्रश्न दोन आहेत, ह्याचा विसर पुष्कळदा विचारणारालाही पडतो. पहिला प्रश्न कुळाचा : ह्या कोशिका यकृताच्याच, की बृहदांत्र, जठर, पित्तनलिका अशा अन्य ठिकाणच्या? दुसरा स्वभावाचा : त्या यकृताच्या असल्या तर कर्करोगी, की सूत्रण रोगाने जर्जर झालेल्या यकृतात नव्याने वाढलेल्या निरुपद्रवी गाठीतील? ह्या विषयावरील जे पदव्युत्तर प्रबंध प्रस्तुत लेखकाने वाचले, त्यांतील बहुतेकांचा मूळ दोष ह्या दोन प्रश्नांच्या सरमिसळीत आहे.

हेप-पार-1 हे प्रतिपिंड 1993 मध्ये वर्णिले गेले. ते ज्या द्रव्यास चिकटते ते कार्बामॉइल फॉस्फेट सिंथेटेज-1, म्हणजे यूरिया-चक्रातील एक एंझाइम होय, हे 2008 मध्ये स्पष्ट झाले. आर्जिनेज-1 हेही त्याच चक्रातील. आता यूरिया तयार करणे हे तर निरोगी यकृतकोशिकेचे रोजचे काम. तेव्हा ही दोन्ही रंजने कूळ सांगतात, स्वभाव सांगत नाहीत. बोलीवरून माणसाचे गाव ओळखावे आणि तेवढ्यावरून त्याला चोर ठरवावे, तसा प्रकार 'हेप-पार-1 होकारार्थी, म्हणून कर्करोग' ह्या विधानात घडतो. शिवाय कुळाच्या बाबतीतही हा साक्षीदार निर्दोष नाही. लहान आतड्याचे अस्तर त्याने रंगते, आणि यकृतासारखे रूप घेणारे जठराचे काही कर्करोगही रंगतात. उलट यकृताचाच कर्करोग पुरता बिघडलेल्या रूपाचा असला की हेप-पार-1 मौन धरते. 2010 मधील एका अभ्यासात अशा कर्करोगांपैकी 46.4 टक्केच त्याने रंगले, तर आर्जिनेज-1 ने 85.7 टक्के. ज्या तुकड्यात मदतीची खरी गरज, तेथेच जुने साधन निम्म्याहून अधिक वेळा हात वर करते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठी ग्लिपिकन-3, एचएसपी-70 आणि ग्लुटामिन सिंथेटेज ही त्रयी पुढे आली. तिघांपैकी कोणतीही दोन होकारार्थी असतील तर कर्करोग मानावा, हा नियम 2007 मधील इटालियन संशोधनातून आला आणि 2009 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या अहवालात त्याला मान्यता मिळाली. आपल्याकडे तो सूत्रासारखा पाठ केला जातो. परंतु बार्सिलोना येथील संशोधकांनी 2012 मध्ये त्याची जी कसोटी घेतली, तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही. 2 सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेले 60 रुग्ण, त्यांपैकी 40 जणांना यकृतकोशिकीय कर्करोग. 'दोन होकारार्थी' ह्या नियमाची विशिष्टता 100 टक्के ठरली. संवेदनक्षमता मात्र 60 टक्के. म्हणजे 40 पैकी 16 रुग्णांत नियमाने कर्करोग ओळखला नाही. नेहमीच्या रंजनावर तज्ज्ञांच्या नजरेतून जे तीन रुग्ण निसटले होते, त्यांपैकी केवळ एकाचे निदान ह्या त्रयीमुळे सुधारले.

त्या '100 टक्क्यां'चीही झडती घेतली पाहिजे. यकृतकोशिकीय कर्करोग नसलेले रुग्ण होते 20. विसांत एकही चूक आढळली नाही, एवढ्यावरून चूक होतच नाही असे म्हणता येत नाही. संख्याशास्त्राच्या साध्या हिशेबाने खरा चुकीचा दर सुमारे 15 टक्क्यांपर्यंतही असू शकतो. संशोधकांच्या प्रामाणिकपणाला ह्याने बाध येत नाही. दोष आहे तो टक्केवारी उचलून मूळ आकडा मागे ठेवणाऱ्या वाचकाचा.

आता आपल्या शहराकडे. येथे 1956 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, 2012 पासून शासकीय कर्करोग रुग्णालयही आहे. मराठवाड्याच्या खेड्यांतून येणाऱ्या रुग्णाचा तुकडा बहुधा एकदाच मिळतो; दुसऱ्यांदा सुई टोचण्याइतकी त्याची प्रकृती किंवा ऐपत असतेच असे नाही. प्रत्येक प्रतिपिंडासाठी त्या बारीक तुकड्याचा एकेक काप खर्ची पडतो. सहा-सात रंजने हौसेने केली की ज्या एका रंजनाने निर्णय झाला असता त्यासाठी ऊतकच उरत नाही. अन्यत्रहून पसरलेला बृहदांत्राचा कर्करोग आणि यकृताचा मूळ कर्करोग ह्यांची औषधे सर्वस्वी निराळी, हे लक्षात घेतले म्हणजे वाया गेलेल्या कापाची किंमत कळते.

आणखी एक गोष्ट प्रबंधांत जवळजवळ कधीच आढळत नाही. यकृत हे बायोटिनने समृद्ध असे इंद्रिय आहे. अॅव्हिडिन-बायोटिन पद्धतीने रंजन केले आणि ऊतकातील बायोटिन आधी झाकून घेतले नाही, तर प्रतिपिंड न घालताही काचपट्टी तपकिरी होते. पॉलिमर पद्धतीत हा धोका टळतो. तरीही कोणती पद्धत वापरली, नकारात्मक नियंत्रण कसे दिसले, रंग कोशिकाद्रव्यात कणाकणांनी आला की सरसकट, ह्यांविषयी एक ओळही नसते. असते ती होकारार्थी-नकारार्थीची कोष्टके. ग्लुटामिन सिंथेटेजच्या बाबतीत तर असे कोष्टक अगदीच निरर्थक होय, कारण निरोगी यकृतातही मध्यशिरेभोवतीचे कोशिकांचे कडे त्याने रंगतेच. तेथे रंग आला की नाही, हा प्रश्नच गैरलागू; तो किती गडद आणि कोठवर पसरला, हे लिहिले असेल तरच परीक्षकाला पुढचे पान उलटता येईल.