डिझेल बग्गीचा अहवाल आणि एक 'म्हणून'

एका ज्युनिअरने त्याच्या ग्रुपचा प्रोजेक्ट अहवाल वाचायला पाठवला. विषय: स्विफ्टचं जुनं डिझेल इंजिन बसवून ऑफ-रोड बग्गी बांधणे. लोखंडी पाइपांचा सांगाडा, इंजिन मागे, जोर फक्त मागच्या दोन चाकांना. गाडी चालते. व्हिडिओत चिखलातून बाहेर पडताना पोरांचा जो आरडाओरडा आहे, तो ऐकून मलाही मजा आली. तरी अहवालावर मी बरीच लाल शाई खर्च केली, आणि त्यातली बहुतेक एका शब्दावर.

वाक्य असं आहे: "डिझेल इंजिनाचा टॉर्क जास्त असतो, म्हणून ऑफ-रोड बग्गीसाठी डिझेल योग्य." तुमच्याही सिनॉप्सिसमध्ये असं एखादं 'म्हणून' असेल, शोधून बघा. माझ्यात होतं. पहिला सिनॉप्सिस त्यावरूनच परत आला होता, त्यामुळे मला हा रोग लांबून ओळखू येतो.

आधी आकडे घेऊ. स्विफ्ट बरीच वर्षं दोन्ही इंजिनांत मिळायची. १.३ लिटर डिझेल: ७५ पीएस, २००० आरपीएमला १९० न्यूटन-मीटर. १.२ लिटर पेट्रोल: सुमारे ८५ पीएस, ४००० आरपीएमच्या आसपास साधारण ११५ न्यूटन-मीटर. टॉर्क डिझेलचा जास्त, पॉवर पेट्रोलची. अहवालाने पहिला आकडा उचलला आणि दुसरा तसाच सोडून दिला. पण इंजिनाचा टॉर्क थेट चाकावर जात नाही, मध्ये गिअर असतात. पेट्रोल इंजिन ४००० वर फिरवा आणि गिअरचं रिडक्शन दुप्पट करा. चाकाचा वेग डिझेल २००० वर असताना असेल तेवढाच राहील, आणि घर्षण सोडलं तर ११५ चे २३० होतील. १९० विरुद्ध २३०. आता सांगा, जास्त टॉर्क कोणाचा?

याचा अर्थ डिझेल वाईट असा नाही हं. कमी आरपीएमवर जोर मिळतो, इंधन कमी लागतं, हे फायदे खरे आहेत. पण हे टर्बो इंजिन आहे, १८०० च्या खाली ते सुस्त असतं, आणि दगडांवरून हळू चढताना गाडी नेमकी तिथेच असते. अहवालात टर्बो हा शब्द एकदाच येतो, खर्चाच्या तक्त्यात. शिवाय गिअरबॉक्स मूळचा ठेवून टायर मात्र ३० इंची लावले. मूळ टायरचा व्यास सुमारे ६२ सेंटिमीटर, नव्याचा ७६. म्हणजे जमिनीवर मिळणारा जोर जवळजवळ १९ टक्के कमी झाला. ज्या टॉर्कसाठी डिझेल निवडलं, त्याचा पाचवा हिस्सा टायरनेच खाल्ला, आणि अहवालात त्याबद्दल अवाक्षर नाही.

साहित्य आढाव्यात पुरावा म्हणून डकार रॅली आणली आहे, आणि वरवर पाहता तो दणदणीत वाटतो. २००९ ते २०१८, सलग दहा वर्षं मोटारींच्या गटात डिझेल गाडीच जिंकली. आधी फोक्सवॅगन, मग मिनी, मग प्युजो. शेवटच्या तीन वर्षांतली प्युजो तर खरोखर बग्गीच: मागच्या दोन चाकांना जोर, मध्ये तीन लिटरचं डिझेल व्ही-सिक्स. इथे कोणीही हो म्हणेल. पण जरा थांबा. त्याच इंजिनाची प्युजो २०१५ मध्ये उतरली तेव्हा तिचा सर्वांत चांगला क्रमांक अकरावा होता. २०१६ ला पहिला. मधल्या काळात गाडी लांब झाली, रुंद झाली, सस्पेन्शन बदललं, इंजिनातही थोडी सुधारणा झाली. श्रेय कोणाला देणार? त्या काळात नियमांनीही टू-व्हील ड्राइव्ह बग्गीला मोठे टायर, कमी वजन आणि चालत्या गाडीतून टायरची हवा कमीजास्त करायची मुभा दिली होती, फोर-बाय-फोरला नाही. २०२२ मध्ये फोर-बाय-फोरना ३७ इंची टायर मिळाले आणि त्या वर्षी पेट्रोलवरची टोयोटा जिंकली. (हाही पुरावा पूर्ण स्वच्छ नाही, तेव्हा इतरही बरंच बदललं होतं. स्वतःच्या बाजूचा पुरावाही असाच तपासायचा असतो.) आणि चालक? २०१६ आणि २०१७ ला जिंकलेला पीटरहान्सेल त्याआधी २००४, २००५ आणि २००७ ला पेट्रोलवरची मित्सुबिशी घेऊन जिंकला होता.

आता कौतुक. अहवालाचं सर्वोत्तम पान परिशिष्टात लपलं आहे. तिथे मोडतोडीची नोंद आहे, तारखांसकट. सीव्ही जॉइंटचं रबरी बूट दोनदा फाटलं. कारणही त्यांनी शोधलं: जॉइंट मूळ गाडीच्या सस्पेन्शनसाठी बनलेला, आणि यांच्या मागच्या चाकाचा प्रवास बराच जास्त, त्यामुळे चाक पूर्ण खाली गेलं की कोन सहन होत नाही. मग त्यांनी पट्टा लावून चाकाची खालची मर्यादा बांधली आणि पुन्हा चालवली. बूट टिकलं. एकच गोष्ट बदलली, बाकी सगळं तसंच ठेवलं, निकाल लिहून ठेवला. हे परिशिष्टात का? हे तर तिसरं प्रकरण व्हायला हवं होतं!

फोनवर तो म्हणाला, "ताई, मग इंजिन बदलायचं का?" मी विचारलं, मुळात हे घेतलं का? थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "भंगारवाल्याकडे गिअरबॉक्ससकट स्वस्तात मिळालं." मी म्हटलं, हेच लिही, किंमत टाकून. बजेट हे निवडीचं पूर्ण प्रामाणिक कारण आहे, त्यावर कोणीही परीक्षक हरकत घेणार नाही. इंजिन मागे गेल्यावर पुढच्या चाकांवर किती भार उरला, तेही मोजायला सांगितलं. चढावर स्टिअरिंग हलकं पडतं अशी त्यांचीच तक्रार आहे. रविवारी ते बग्गी टेम्पोत घालून वजनकाट्यावर नेणार आहेत, आधी पुढची चाकं, मग मागची.