कवितेची वही आणि कामाचे वेळापत्रक : ‘झोंबी’ व ‘उडान’ यांतील किशोर नायकाच्या निवडीचा विचार

प्रस्तावना

किशोरवयीन मुलाने आवडीच्या कलेकडे वळावे की खात्रीच्या उपजीविकेकडे, हा प्रश्न आपल्या महाविद्यालयांत प्रवेशाच्या दिवसांत दरवर्षी नव्याने उभा राहतो. पंधराव्या-सोळाव्या वर्षी विद्याशाखा निवडायची आणि पुढील आयुष्य त्या निवडीला बांधून टाकायचे, अशी आपल्या शिक्षणव्यवस्थेची घडण असल्यामुळे या प्रश्नाला एरवी नसती इतकी धार आली आहे. साहित्य आणि चित्रपट यांनी या प्रश्नाची मांडणी अनेकदा केली. तथापि बहुतेक ठिकाणी ती ‘एकीकडे मन, दुसरीकडे पोट’ अशा सोप्या द्वंद्वात अडकून पडते आणि मनाचा विजय झाला की प्रेक्षक समाधानाने घरी जातो.

प्रस्तुत लेखात दोन कलाकृतींचा एकत्र विचार केला आहे. पहिली आनंद यादव यांची ‘झोंबी’ (१९८७) ही आत्मचरित्रात्मक कादंबरी. तिला १९९०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दुसरी विक्रमादित्य मोटवाने दिग्दर्शित ‘उडान’ (२०१०) हा हिंदी चित्रपट, जो त्या वर्षीच्या कान महोत्सवात ‘अं सर्तें रिगार’ विभागात दाखविला गेला. माध्यम, भाषा, काळ, सामाजिक स्तर या सर्वच बाबतींत या कृती परस्परांपासून दूर आहेत. असे असूनही त्या शेजारी ठेवाव्याशा वाटल्या, याचे कारण म्हणजे दोन्हींतील मुलगा कविता करतो, दोन्हींतील बाप त्याला कामाला जुंपतो आणि दोन्हींत बाप मुलाच्या हातात एक वेळापत्रक ठेवतो. ही दोन वेळापत्रके आश्चर्य वाटावे इतकी सारखी आहेत. त्यांतून निघणारे फलित मात्र एकमेकांच्या उलट आहे. ते तसे का, हा या लेखाचा विषय आहे.

दोन वेळापत्रके

‘झोंबी’तील आनंदाला बापाने शाळेतून काढून शेतात घातले आहे. शाळेत परत जाण्यासाठी तो आईला हाताशी धरतो. मायलेक गावातील वजनदार दत्ताजीराव देसायांकडे जातात, आपण येऊन गेल्याचे बापाला कळू देऊ नका अशी गळ घालतात आणि देसायांच्या दमामुळे बाप नाइलाजाने होकार देतो. होकाराबरोबर अटी येतात. पहाटेपासून अकरा वाजेपर्यंत शेतात राबायचे, तेथूनच परस्पर शाळेला जायचे, शाळा सुटली की गुरे चारायची आणि कामाची घाई असेल त्या दिवशी शाळा बुडवायची. पोरगा सर्व मान्य करतो.

‘उडान’मधील सतरा वर्षांच्या रोहनला सिमल्याच्या निवासी शाळेतून काढून टाकले जाते. आठ वर्षांत ज्यांचे तोंड पाहिले नाही त्या वडिलांकडे तो जमशेदपूरला परततो. वडिलांना ‘सर’ म्हणावे लागते. लेखक होण्याची इच्छा बोलून दाखविल्यावर तिची वासलात लावली जाते आणि वेळापत्रक ठरते. अर्धा दिवस वडिलांच्या कारखान्यात काम, अर्धा दिवस अभियांत्रिकीचे शिक्षण. त्याआधी पहाटे वडिलांबरोबर धावणे. जमशेदपूर हे टाटांच्या पोलादाभोवती वसलेले शहर, म्हणजे ज्या भागात कायम नोकरी या शब्दाला पिढ्यान्‌पिढ्या वजन आहे असे शहर. या पार्श्वभूमीवर बापाची भूमिका निव्वळ विक्षिप्तपणाची उरत नाही, हे दिग्दर्शकाने अचूक हेरले आहे.

अर्धा दिवस काम, अर्धा दिवस विद्या. पण येथे एक मूलभूत भेद आहे. आनंदाने शाळा मागितली तेव्हा त्याच्या मनात कविता नव्हतीच. शेतीत काही हाती लागत नाही, शिकलो तर नोकरी लागेल, चार पैसे खेळतील, हा त्याचा सरळ हिशोब होता. म्हणजे ज्याला आपण ‘स्थिर करिअर’ म्हणतो तेच त्याचे स्वप्न होते. कविता त्याला वाटेत भेटली. पहिल्या पिढीतील शिकणाऱ्या मुलासाठी पोट आणि मन एकाच वाटेवर होते, ही गोष्ट आपण विसरतो. रोहनच्या घरी शिक्षण आधीच येऊन स्थिरावले आहे. म्हणूनच तेथे शिक्षण हा बापाच्या हातातील चाबूक होऊ शकतो. ‘आवड की नोकरी’ हे द्वंद्व सर्व काळांतील सर्व मुलांचे नाही. ते शिक्षण घरात मुरल्यानंतरच्या वर्गाचे आहे.

काम आणि कविता

‘झोंबी’तील मला सर्वाधिक मोलाचा वाटणारा भाग सौंदलगेकर मास्तरांचा आहे. मास्तर मराठी शिकवतात, कविता चालीवर गातात, हावभाव करून दाखवतात. त्यांच्या दारातील मालतीच्या वेलावर त्यांनी कविता केली आहे. मुलाने तो वेलही पाहिला आहे आणि कविताही. कवी हा आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो आणि आपल्या भोवतीच्या साध्या गोष्टींवरही कविता होऊ शकते, हा शोध त्याला तेथे लागतो. मग पिकाला पाणी पाजताना, गुरांमागे हिंडताना तो कविता म्हणू लागतो, रचू लागतो. जवळ कागद नसेल तर काटकीने म्हशीच्या पाठीवर लिहितो, खड्याने दगडावर लिहितो, पाठ झाले की पुसून टाकतो. पूर्वी शेतातला एकटेपणा त्याला खायला उठत असे. आता तोच एकटेपणा त्याला हवासा वाटतो, कारण मोठ्याने गाता येते, नाचता येते, आणि कोणी पाहत नाही.

येथे काम कवितेच्या आड येत नाही. कामानेच तिला जागा दिली. मात्र यावरून कष्टांचे गोडवे गाण्याचा मोह टाळला पाहिजे. यादवांनी तसे केलेले नाही. बापाने लादलेले राबणे अन्यायाचे आहे, हे पानोपानी जाणवते. गावभर मोकळे हिंडता यावे म्हणून बाप पोराला कामाला जुंपतो, हेही लेखक लपवीत नाही. तरीही हे काम मुलाला आतून माहीत आहे. इतरांच्या आधी गुऱ्हाळ उरकण्याची बापाची घाई त्याला पटत नाही. ऊस आणखी उभा राहिला तर गूळ जास्त उतरतो, हा हिशोब त्याला कळतो. जे काम इतके कळते त्याविषयी राग असू शकतो, परकेपणा नसतो.

‘उडान’मध्ये हा परकेपणाच आहे, आणि माझ्या मते ही या अन्यथा प्रामाणिक चित्रपटाची उणीव आहे. कारखान्यात नेमके काय तयार होते, ते कोण विकत घेते, तेथील माणसे कशी जगतात, याविषयी रोहनला कुतूहल नाही आणि कॅमेऱ्यालाही फारसे नाही. कामगारांना जवळजवळ चेहरा नाही. लोखंड येथे केवळ शिक्षेचे रूपक आहे. भावी लेखक म्हणून ज्याच्याकडे पाहायचे तो मुलगा आपल्यापुढील एवढ्या मोठ्या जगाकडे पाठ फिरवतो, आणि चित्रपट ही त्याची संवेदनशीलता मानतो. बापाचा जुलूम आणि कारखान्याचे काम या दोन गोष्टी पटकथेने एकजीव करून टाकल्यामुळे एकाचा धिक्कार करताना दुसऱ्याचाही होतो.

रोहनच्या कविता सत्यांशु सिंह व देवांशु सिंह यांनी लिहिल्या आहेत आणि त्या चांगल्या आहेत. नेमकी येथे एक अडचण उद्भवते. इस्पितळात धाकट्या भावाजवळ बसून रोहन गोष्टी-कविता ऐकवतो, तेव्हा परिचारिका, डॉक्टर, रुग्ण सारे गोळा होतात. प्रसंग हृद्य आहे. पण मुलाची बाजू न्याय्य ठरण्यासाठी त्याच्या कवितेला दाद मिळवून देणे चित्रपटाला आवश्यक वाटले. रोहन सुमार कवी असता तर बापाने त्याची वही जाळली हे समर्थनीय ठरले असते काय? वर्गातील बहुसंख्य मुलांच्या वह्या सुमारच असतात. माझीही होती. ‘झोंबी’चा निवेदक पुढे विद्यापीठात मराठीचा प्राध्यापक झाला, म्हणून तेथेही यशाच्या टोकावरून मागे पाहणे आहेच. परंतु म्हशीच्या पाठीवर लिहून पुसून टाकलेल्या ओळी कशा होत्या, याचा निर्णय वाचकाकडे मागितला जात नाही, हे महत्त्वाचे.

मध्यस्थाचा प्रश्न

आनंदाला आई आहे, देसाई आहेत, मास्तर आहेत. रोहनची आई हयात नाही, काका मायाळू असले तरी थोरल्या भावासमोर उभे राहण्याची त्यांची ताकद नाही, आणि महाविद्यालयात त्याला एकही सौंदलगेकर भेटत नाही. चित्रपटातील शिक्षकांची ही अनुपस्थिती आपण अध्यापकांनी मनावर घ्यावी इतकी बोलकी आहे. मध्ये कोणी नसल्यामुळे रोहनपुढे पळण्याखेरीज मार्ग उरत नाही. आनंदाला पळणे परवडणारे नव्हते, म्हणून त्याने खोटे बोलून, अटी मान्य करून, तडजोडीने वाट काढली. तडजोड हा शब्द आपण कमीपणाने वापरतो. डॉ. श्रीराम लागू यांनी वैद्यकीय व्यवसाय सांभाळत वर्षानुवर्षे नाटक केले आणि १९६९मध्ये, वयाच्या बेचाळिशीच्या सुमारास, ते पूर्णवेळ रंगभूमीवर आले. ‘लमाण’ हे त्यांचे आत्मकथन वाचताना निवड सतराव्या वर्षीच झाली पाहिजे या गृहीताविषयी शंका उत्पन्न होते. अर्थात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला मिळणारा अवकाश सर्वांच्या वाट्याला येत नाही.

‘उडान’चा शेवट बहुधा मुक्तीचा म्हणून वाचला जातो. पाठलाग करणाऱ्या बापाला रोहन धावण्यात मागे टाकतो आणि अखेरीस सहा वर्षांच्या सावत्र भावाला, अर्जुनला, बरोबर घेऊन निघतो. मुंबईत मित्र आहेत, निवासी शाळेने दिलेली ती पुंजी आहे. परंतु ज्या क्षणी तो अर्जुनचा हात धरतो त्या क्षणी तो पालक होतो, आणि बापाने मांडलेला निर्वाहाचा प्रश्न, बापाच्या क्रौर्यावाचून का होईना, त्याच्यापुढे उभा राहतो. चित्रपट तेथे थांबतो. हे थांबणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. समीक्षेने मात्र त्याकडे दुर्लक्ष केले आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात द्वितीय वर्ष कला शाखेच्या विद्यार्थ्यांना हा चित्रपट दाखविला होता. चर्चेत मुले स्वातंत्र्य, अभिव्यक्ती वगैरे आम्हीच शिकविलेले शब्द वापरीत होती. पहाटे डेअरीवर दूध घालून वर्गात येणारा एक विद्यार्थी शेवटी उठला आणि त्याने विचारले, “सर, त्या बारक्याच्या शाळेची फी आता कोण भरणार?” वर्ग हसला. मी काही उत्तर देण्यापूर्वी खेड्याकडे जाणाऱ्या एसटीची वेळ झाली आणि मुले उठली.