तार सैल करताना कॅमेरा बंद का असतो?

आजचा विषय जरा आडवळणाचा आहे. हवाई बेटांवरचं एक गिटारवादन, आणि ते घरातल्या माणसांनी घरातच मोबाईलवर टिपणं. हिंगोलीत बसून यावर कशाला बोलायचं, असं तुम्ही म्हणाल. कारण साधं आहे. आपल्या जिल्ह्यातही आता घराघरात वादन टिपलं जातंय. नर्सी, औंढा, वसमत, कळमनुरी, सेनगाव, कुठंही जा, सप्ताह, भजन, गोंधळ, सगळं मोबाईलमध्ये जातंय. नाटकाची समीक्षा होते, सिनेमाची होते, पण या घरच्या व्हिडिओची कोणी करत नाही. आणि पन्नास वर्षांनी आपल्या गावचं संगीत कसं होतं, हे बहुधा याच व्हिडिओंवरून ठरणार आहे. म्हणून आज त्याची समीक्षा करू.

आधी एक घोटाळा दूर करतो. 'हवाईयन गिटार' म्हटलं की आपल्याकडे एक ठरावीक आवाज आठवतो. मांडीवर आडवी गिटार, तारेवरून सरकणारी लोखंडी पट्टी आणि लांबच लांब मींड. व्हॅन शिपले यांनी हिंदी सिनेगीतं अशा गिटारवर वाजवली, त्यांच्या रेकॉर्ड घरोघरी होत्या. १९६७ साली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही रेकॉर्ड आली. त्यात शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार. तबल्यावर होते माणिकराव पोपटकर. ही जी गिटार, ती स्टील गिटार. ती मूळची हवाईचीच, पण आज मी बोलतोय ते दुसऱ्या वादनाबद्दल. त्याला स्लॅक की म्हणतात. हवाईच्या भाषेत 'की होआलू', म्हणजे खुंटी सैल करणं. यात पट्टी नाही, गिटार नेहमीसारखी धरायची आणि बोटांनी वाजवायची. गंमत असते ती तारा लावण्यात.

याचा इतिहास गुराख्यांचा आहे बरं का. १७९३ साली कॅप्टन व्हँकुव्हरनं हवाईच्या राजाला गुरं भेट दिली. ती पुढं इतकी वाढली आणि माजली की आवरेनात. मग १८३०च्या दशकात मेक्सिकोकडचे घोडेस्वार गुराखी बोलावले गेले. त्यांच्यासोबत गिटार आल्या. ते गेले, काही गिटार मागं राहिल्या. तिथल्या लोकांनी त्या आपल्या गळ्याला आणि आपल्या गाण्याला सोयीच्या होतील अशा लावून घेतल्या. म्हणजे वाद्य बाहेरचं, सूर लावण्याची रीत घरची. आपल्या भजनात हार्मोनियम आली ती अशीच की. युरोपातून आली आणि आज तिच्याशिवाय भजनी मंडळ बसत नाही.

आता हे 'लावणं' म्हणजे नेमकं काय, ते सांगतो, कारण सगळा मुद्दा तिथंच आहे. नेहमीच्या गिटारच्या सहा तारा खालच्या सुरापासून ई, ए, डी, जी, बी, ई अशा असतात. स्लॅक कीच्या सगळ्यात प्रचलित लावणीत तीन तारा सैल करतात, मग त्या होतात डी, जी, डी, जी, बी, डी. जीला सा माना आणि आपल्या भाषेत म्हणा : प, सा, प, सा, ग, प. डाव्या हाताचं बोटही न लावता नुसत्या तारा छेडल्या तरी भरलेला सूर येतो. अंगठा खालच्या तारांवर ठेका धरतो, बाकीची बोटं वर चाल वाजवतात. या लावणीचं नाव आहे 'टॅरो पॅच'. टॅरो म्हणजे आपलं अळू. अळूचा वाफा! परसातल्या भाजीचं नाव सुराला दिलं, यावरूनच हे संगीत घरातलं आहे हे कळतं.

अशा लावण्या कितीतरी आहेत, आणि पूर्वी त्या घराण्याच्या मालकीच्या असत. बाहेरच्याला सांगायच्या नाहीत. वाजवून झालं की तारा उतरवून ठेवायच्या, म्हणजे कोणी गिटार हातात घेतली तरी गुपित कळू नये, असं सांगतात. गॅबी पाहिनुई हे या वादनातलं मोठं नाव. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांची स्लॅक कीची रेकॉर्ड आली. पोटासाठी हा माणूस रस्त्याच्या कामावर होता, आणि वायमानालो इथल्या त्यांच्या घराच्या आवारात सुट्टीच्या दिवशी वादकांचा मेळा जमायचा. रेकॉर्डवर आपल्याला गाणं मिळतं. आवारात मात्र गाण्याच्या आधीचं मिळायचं. तार कुठवर उतरवली, कान कसा लावला, कोण कोणाला काय म्हणालं, ते सगळं.

म्हणून स्लॅक कीचे घरगुती व्हिडिओ समीक्षकानं गंभीरपणे घ्यायला हवेत. त्यातले चांगले असतात ते कसे असतात? फोन एका जागी टेकवलेला. चौकटीत दोन्ही हात पूर्ण. वादक आधी सांगतो, लावणी कोणती, चाल कोणाकडून मिळाली. एकेक तार वाजवून दाखवतो, मग पूर्ण तुकडा वाजवतो. मध्ये चूक झाली तर ती तशीच राहते. शेजारचा कुत्रा भुंकतो, तेही राहतं. दिसायला साधा, पण दुसऱ्या गावातला पोरगा हे पाहून गिटार लावू शकतो आणि वाजवू शकतो. वाईट व्हिडिओही भरपूर आहेत. संधिप्रकाश, नारळाची झाडं, लाटांचा आवाज वरून चिकटवलेला आणि वादकाचे हात चौकटीबाहेर. ते पर्यटनाच्या जाहिरातीसारखे दिसतात. त्यातून मन रमेल, हात शिकणार नाही.

म्हणजे कसोटी अशी ठरली : हा व्हिडिओ पाहून कोणाला ते वादन पुन्हा उभं करता येईल का? ही कसोटी घेऊन आता आपल्या गावात येऊ.

आपल्याकडं काय होतं? पखवाजवाला येतो. डाव्या पुडीला कणीक लावतो, थाप मारून बघतो, चिमूटभर काढतो, पुन्हा लावतो. उजवीकडं हातोडीनं गठ्ठे ठोकून सूर चढवतो. पेटीवाला विचारतो, 'काळी एक का पांढरी दोन?' गोंधळी तुणतुण्याची खुंटी पिळतो, तारेला कान लावतो. वीणेकरी वीणा जुळवतो. दहा-पंधरा मिनिटं हे चालतं. आणि या दहा-पंधरा मिनिटांत एकाही फोनचा कॅमेरा चालू नसतो. 'सुरू झालं की काढू' असं म्हणतात. अहो, सुरू झालेलंच असतं! कणीक किती लावायची, हे कोणत्या पुस्तकात वाचणार? ते जुन्या माणसाच्या बोटात आहे, आणि नेमकं तेवढंच आपण वगळतो.

मग गाणं सुरू होतं आणि फोन निघतात. फोन आधी बुवांच्या तोंडाकडं, मग मंडपाकडं, मग पुढाऱ्यांकडं, मग स्वतःकडं. वाद्याजवळ थांबला तर तीन सेकंद. नंतर घरी बसून त्यातलं अर्धं-एक मिनिट कापायचं, वरून फुलं उडवायची, कधी कधी मूळ आवाज काढून दुसरंच तयार गाणं चढवायचं आणि स्टेटसला ठेवायचं. चोवीस तासांत तेही जातं. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, पहारा बदलला की या गळ्यातून त्या गळ्यात जाते. आणि तिचा व्हिडिओ एका दिवसात पुसला जातो. हा विरोधाभास आपल्याला दिसत कसा नाही?

एक तांत्रिक गोष्टही सांगतो, कारण तिचा परिणाम मोठा आहे. फोनमधली आवाज साफ करण्याची सोय मुख्यतः बोलण्यासाठी केलेली असते. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा नाहीतर मोटार, असं धरून ती तो दाबू पाहते. आता एकतारीचा किंवा वीणेचा आवाज कसा असतो? एकसारखाच. म्हणजे ज्या सुरावर सगळं उभं आहे, तोच कचरा समजून कमी होण्याची भीती. शिवाय पखवाजाची मोठी थाप पडली की फोन आपोआप आवाज खाली घेतो, गाणारा बुडतो. मग ऐकणारा म्हणतो, 'पूर्वीच्या मानानं भजनात दम राहिला नाही.' दम मंडपात होता, फोननं तो गाळला.

कोणी म्हणेल, बुवा, एवढी अपेक्षा घरच्या माणसाकडून कशाला? हे तर अभ्यासकांचं काम. अभ्यासकांनी केलंय, आणि आपल्या अगदी शेजारी केलंय. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं काम उभं केलं. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. १९९०च्या दशकात परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसला गंगूबाई अंबोरे यांचा आवाज ध्वनिमुद्रित झाला. तेव्हा हिंगोली परभणीतच होती, वेगळा जिल्हा १ मे १९९९ला झाला. त्या ओव्या पुढं 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून लोकांपुढं आल्या. त्या कामात मला सगळ्यात मोलाचं काय वाटतं? ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे आणि गाव आहे. 'लोकगीत, पारंपरिक' असं लिहून बाईला पुसून टाकलेलं नाही. जिथं जनाबाईचं दळणकांडण आपण भक्तीनं आठवतो, त्या गंगाखेडच्या मुलखात एका दळणाऱ्या बाईचं नाव तिच्या आवाजासोबत टिकलं, ही लहान गोष्ट नाही.

पण अभ्यासक एका गावी किती दिवस राहणार? तुमच्या आजोबांचं तुणतुणं दर मंगळवारी वाजत असेल, तर दर मंगळवारी तिथं असणारे तुम्हीच. नातवासमोर माणूस जे बोलतो ते पाहुण्यासमोर बोलत नाही. घरच्या व्हिडिओची खरी ताकद ही आहे. ती आपण सेल्फीत घालवतो, ही माझी तक्रार आहे.

आता एक आक्षेप, आणि तो मला खरा वाटतो. सगळंच टिपायचं आणि सगळ्यांसमोर टाकायचं का? गोंधळी, वाघ्या, किंगरी वाजवणारे नाथपंथी, यांचं या कलेवर पोट आहे. त्यांची घरची चाल आपण फुकट वाटून मोकळे झालो, तर त्यांच्या हातात काय उरलं? हवाईत हा प्रश्न आला होता. तिथं गुपितं उघडली, पण ती ज्यांची होती त्यांच्यातल्याच माणसांनी उघडली. केओला बीमर हे संगीताच्या घराण्यातले. त्यांनी १९७३ साली स्लॅक कीचं शिकवणारं पुस्तक काढलं. पुढं १९९०च्या दशकात डान्सिंग कॅट या कंपनीनं जुन्या वादकांच्या रेकॉर्ड काढल्या, तेव्हा सोबतच्या मजकुरात तुकड्यांच्या लावण्याही छापल्या. वादकांच्या नावानं. ज्याचं आहे त्यानं ठरवलं, आणि श्रेय त्याचंच राहिलं.

म्हणून टिपणं आणि पसरवणं या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात, असं माझं म्हणणं आहे. टिपायचं पूर्ण. पसरवायचं ते विचारून, आणि वादकाला पैसे मिळणार असतील तर ते आधी बोलून. एखादी चाल घरातच ठेवायची असं म्हातारं माणूस म्हणालं, तर ती घरातच राहू द्यावी. पण घरात तरी राहू द्यावी. आज ती घरातही राहत नाहीये.

शेवटी, मला चांगला वाटेल असा व्हिडिओ कसा असेल ते सांगतो आणि थांबतो. वाद्य जुळवायच्या आधीच तो सुरू झालेला असेल. फोन आडवा, डब्याला टेकवलेला, तीन-चार फुटांवर, कोणी हातात धरलेला नाही. वादकाचं नाव, गाव, तारीख, चाल कोणाकडून आली आणि पट्टी कोणती, हे त्याच्याच तोंडून आलेलं. दोन्ही हात आणि सगळं वाद्य चौकटीत. अभंग शेवटपर्यंत, नंतरच्या गप्पाही. आणि मूळ फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर बारीक होऊन फिरण्याआधी घरातल्या एखाद्या पेनड्राईव्हमध्ये जशीच्या तशी ठेवलेली.

ज्या नर्सीशी नामदेवांच्या जन्माचं नातं सांगितलं जातं, त्या गावाच्या आसपास आजही असे हात आहेत. पुढच्या सप्ताहात पखवाजवाले काका कणीक मळायला बसतील, तेव्हा त्यांना विचारा, 'काका, हे काढू का?' बहुतेक ते हसतील आणि म्हणतील, 'ह्याच्यात काय काढायचं?' तेव्हा कॅमेरा चालू करा.