फेअरफर्डच्या काचा आणि जीर्णोद्धाराचा प्रश्न

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे पुण्यवाचक आहे. ज्याने देवालयाचा जीर्णोद्धार केला त्याचे नाव शिलालेखात कोरले जाते. त्याच्या हातून काही हानीही झाली असेल, अशी शंका घेणे अप्रशस्त मानतात. इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात फेअरफर्ड नावाचे एक लहानसे गाव आहे. त्याच्या आसमंतातील तीन चर्चे, ज्यांना गोमंतकात आपण इगर्जी म्हणतो ती, एकापाठोपाठ पाहिली म्हणजे मात्र या शब्दाचा अर्थ पुन्हा एकवार तपासून घ्यावासा वाटतो.

फेअरफर्डचे सेंट मेरीचे चर्च जॉन टेम या लोकरीच्या व्यापाऱ्याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस नव्याने बांधावयास घेतले. १५०० साली तो वारल्यावर त्याचा पुत्र एडमंड याने काम तडीस नेले. या चर्चची कीर्ती आहे ती त्याच्या २८ चित्रमय खिडक्यांमुळे. मध्ययुगीन रंगीत काचांचा इतका संपूर्ण संच इंग्लंडातील दुसऱ्या कोणत्याही ग्रामचर्चमध्ये उरलेला नाही. संच हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजतो. उत्तरेकडील वरच्या ओळीत धर्माचे छळक आणि त्यांच्या माथ्यावर दैत्य. समोर दक्षिणेच्या ओळीत हुतात्मे आणि धर्माचे रक्षक. पूर्वेस क्रूसावरील ख्रिस्त, पश्चिमेस अंतिम न्याय. उपासक या पक्ष-प्रतिपक्षांच्या मधोमध उभा राहतो आणि बाहेर पडताना निकालाकडे तोंड करूनच बाहेर पडतो. वकिली पेशातील माणसास ही रचना विशेष भावावी यात नवल नाही. एकेक खिडकी सुटी काढून संग्रहालयात टांगली असती, तर रंग उरले असते, युक्तिवाद नाहीसा झाला असता.

याच पश्चिमेच्या खिडकीत आमच्या विषयाचे मर्म आहे. १७०३ सालच्या महावादळाने तिला इजा पोहोचविली. पुढे एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धारात वरच्या भागी नवी काच बसविण्यात आली. खालचा भाग जुना राहिला. वरची काच नेटकी आहे, रेषा बिनचूक आहेत, आणि तरीही ती निर्जीव आहे. खालच्या नरकातील तांबडा रंग अजून धगधगतो. नक्कल कितीही प्रामाणिक असली तरी ती मूळ दस्तऐवजाची जागा घेऊ शकत नाही, हा पुराव्याचा नियम येथे डोळ्यांनी पाहावयास मिळतो.

उत्तरेस काही मैलांवर बर्फर्ड आहे. तेथील चर्चमध्ये १६४९ च्या मे महिन्यात क्रॉमवेलने लेव्हलर पंथाचे बंडखोर सैनिक कोंडून ठेवले होते. त्यांपैकी तिघांस चर्चच्या आवारात गोळ्या घालण्यात आल्या. अँथनी सेडली नावाच्या एका कैद्याने बाप्तिस्म्याच्या कुंडाच्या शिशाच्या अस्तरावर आपले नाव आणि साल खरवडून ठेवले. ते आजही वाचता येते. एखाद्या हौशी सुधारकाने ते अस्तर घासून लख्ख केले असते, तर कोणीही त्यास दोष दिला नसता!

१८७६ साली याच चर्चमध्ये चाललेली मोडतोड कवी व कारागीर विल्यम मॉरिस याने पाहिली आणि तो संतापला. चर्च माझे आहे, येथे मला वाटेल ते मी करीन, अशा अर्थाचे उत्तर त्यास धर्मगुरूकडून मिळाले, असे सांगतात. पुढच्याच वर्षी, १८७७ साली, मॉरिसने प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापिली. तिचे म्हणणे थोडक्यात असे: वास्तू दुरुस्त करा, तिला नवी करू नका, आपण तिचे मालक नसून विश्वस्त आहोत. १९२३ साली सर जॉन मार्शल यांनी भारतीय पुरातत्त्व खात्यासाठी जी जतनविषयक पुस्तिका सिद्ध केली, तिच्यात हाच विचार उतरला आहे.

हा विचार आचरणात कसा दिसतो, ते थेम्सकाठच्या लेचलेडजवळील इंगलशमच्या चिमुकल्या चर्चमध्ये पाहावे. मॉरिसचे केल्मस्कॉट येथील घर तेथून जवळच. भिंतींवर शतकानुशतकांची चित्रे एकावर एक चढलेली, फरशी उंचसखल, लाकडी बाके कललेली. १८८८-८९ च्या सुमारास मॉरिसच्या साह्याने येथे दुरुस्ती झाली, परंतु काहीही पुसले गेले नाही. सौंदर्याच्या दृष्टीने या तिहींत आमचे मत इंगलशमला.

परंतु येथेच आमचा आक्षेपही आहे. इंगलशमचे गाव जवळजवळ ओसरले. चर्च आता एका न्यासाच्या स्वाधीन आहे. वास्तू जगली, नित्याची उपासना मात्र थांबली. आपल्या देवस्थानांची गोष्ट उलटी आहे. तेथे भंगलेल्या मूर्तीची पूजा चालत नाही, गळक्या गर्भागारात देव ठेवता येत नाही. नूतनीकरण हा धर्माचाच भाग आहे. म्हणून मॉरिसचा नियम जसाच्या तसा उचलता येणार नाही. अनुकरणीय आहे ते फेअरफर्ड. युद्धकाळात तेथील काचा उतरवून सुरक्षित ठेवल्या गेल्या आणि नंतर पुन्हा जागच्या जागी बसविल्या. चर्च मात्र नांदते आहे. आवारात टिडल्स नामक चर्चच्या मांजरीचीसुद्धा (१९६३-१९८०) दगडी प्रतिमा आहे.

यामागे कायद्याची एक व्यवस्था आहे. इंग्लंडच्या अधिकृत पंथाच्या चर्चमध्ये महत्त्वाचा फेरफार करावयाचा तर धर्मगुरूलाही धर्मप्रांताच्या न्यायालयाची अनुज्ञा लागते. जाहीर सूचना लागते, हितसंबंधी व्यक्तीस हरकत घेता येते, आणि वाद उद्भवल्यास न्यायाधीशास कारणांसह निर्णय द्यावा लागतो. बर्फर्डच्या धर्मगुरूची ती मालकीची भाषा आज टिकणार नाही.

आपल्या देवस्थानांच्या महाजनांनी एवढेच घ्यावे. कावीचे चित्र गिलाव्याखाली बुजविण्यापूर्वी, कोरीव लाकडी खांब उतरवून तेथे सिमेंटचा उभारण्यापूर्वी, जांभ्याच्या भिंतीला चकचकीत फरशी चिकटविण्यापूर्वी, बेताची सूचना मंडपात लावावी, छायाचित्रे व मोजमापे घ्यावीत, हरकती ऐकाव्यात, आणि निर्णयाची कारणे इतिवृत्तात लिहावीत. याला खर्च फारसा नाही. थोडा धीर मात्र हवा. देव नित्यनूतन आहे; त्याच्या घराने आपले वय लपविण्याचे कारण नाही.