पितळी चाकू आणि अडकित्ता : संग्राह्यतेच्या निकषांचा विचार

संग्राहकांसाठी हाताने घडविलेला, भरीव पितळेचा आणि खटका दाबताच आपोआप उघडणारा खिशातील चाकू ही वस्तू कलासमीक्षेच्या कक्षेत येते काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु अशा चाकूची जी स्तुती केली जाते तिच्यात 'हाताने घडविलेला', 'भरीव पितळेचा' आणि 'आपोआप उघडणारा' ही तीन विशेषणे गुणवाचक म्हणून वापरली जातात, आणि तीच विशेषणे थोड्या फरकाने आपल्या संग्रहालयांतील धातुकामाच्या वर्णनांतही आढळतात. तेव्हा ती खरोखर गुण सांगतात की केवळ किंमत सांगतात, हे तपासणे अप्रस्तुत ठरणार नाही. ह्या तपासणीसाठी प्रस्तुत टिपणात वऱ्हाडातील पानसंस्कृतीच्या आश्रयाने नांदलेला पितळी अडकित्ता तुलनेस घेतला आहे.

अंजनगाव सुर्जी हे नाव इतिहासाच्या अभ्यासकास 30 डिसेंबर 1803 च्या तहामुळे परिचित आहे. दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यातील तो तह अडगावची लढाई आणि गाविलगडचा पाडाव ह्यांनंतर झाला. परंतु खुद्द त्या परिसरात ह्या गावाची ओळख पानमळ्यांचे गाव अशी आहे. नागवेलीचे पान खुडण्यास पात्याची गरज नसते. ते बोटांनीही खुडता येते. सुपारीची गोष्ट निराळी. ती समुद्रकाठच्या बागांतून येते, आणि ती इतकी कठीण असते की शस्त्रावाचून तिचा विडा होत नाही. पान वऱ्हाडचे आणि सुपारी कोकणची, अशी दोन दूरच्या प्रदेशांची गाठ ज्या उपकरणाच्या दोन भुजांत पडते ते अडकित्ता होय. त्याचे नावही तसेच दुरून आलेले आहे. कन्नडमधील 'अडके' म्हणजे सुपारी हा शब्द त्यात उघड दिसतो.

आता पहिले विशेषण घेऊ. पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यास उष्णता देऊन पोलादाप्रमाणे पाणी चढविता येत नाही. तो फक्त ठोकून काहीसा कठीण होतो. म्हणून पितळेस धार टिकत नाही, आणि 'भरीव पितळेचा चाकू' ह्या शब्दप्रयोगात चाकूपणाचा जो गाभा, म्हणजे पाते, तोच पितळेबाहेर राहतो. पितळेची असते ती मूठ. तिच्या भरीवपणामुळे वजन वाढते, कारण पितळेची घनता सुमारे 8.5 तर पोलादाची सुमारे 7.8 आहे. हातास जाणवणारा तो भार श्रीमंतीचा भास निर्माण करतो. पण कापण्याच्या क्रियेत त्याचा उपयोग जवळजवळ नाही. अडकित्त्यातही पाते लोखंडाचे वा पोलादाचेच असते आणि अंग पितळेचे. परंतु तेथे पितळेस कारण आहे. पाने ओल्या फडक्यात ठेवलेली असतात, विडा करणारा हात सतत ओला असतो. त्या ओलाव्याने लोखंड गंजते, पितळ गंजत नाही. शिवाय पितळ सहज ओतता येते, त्यामुळे भुजांना हवा तो आकार मिळतो. सारांश, अडकित्त्यात धातूची निवड कामातून झाली आहे, तर चाकूत ती बहुतांशी प्रतिष्ठेसाठी झाली आहे.

दुसरे विशेषण 'हाताने घडविलेला'. हस्तकौशल्याचा गौरव करताना आपण पुष्कळदा श्रमाचे तास मोजतो आणि श्रमाचे फल पाहावयाचे विसरतो. यंत्राच्या भागांहून हाताने केलेल्या भागांचा विशेष हा की, ते एकमेकांशी जुळवून कानशीने घासलेले असतात. एका अडकित्त्याची वरची भुजा दुसऱ्याच्या खालच्या भुजेवर नीट बसत नाही. हा जुळवणुकीचा गुण चांगल्या खिशातील चाकूतही असतो, आणि तेवढ्यापुरते त्याचे कौतुक रास्तच आहे. पाते मिटताना मुठीच्या खाचेत कोठेही न घासता उतरावे, उघडल्यावर खिळीवर तसूभरही हलू नये, ह्यासाठी लागणारी दृष्टी आणि हात ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु अडकित्त्यात ओतकाम आणि लोहारकाम ह्या दोन विद्यांचा मेळ घालावा लागतो, आणि बिघडलेले पाते पुन्हा गावच्या लोहाराकडे नेता येते. ज्या वस्तूची दुरुस्ती तिच्या वापराच्या ठिकाणीच होऊ शकते, तिच्यातील हस्तकौशल्य समाजात मुरलेले असते. जी वस्तू दुरुस्तीची वेळच येऊ नये म्हणून पेटीत ठेवली जाते, तिच्यातील हस्तकौशल्य एका कारागिराबरोबर संपते.

तिसरे विशेषण सर्वांत महत्त्वाचे. आपोआप उघडणाऱ्या चाकूत पात्याच्या मुळाशी कमान दाबून धरलेली असते. खटका तिला मोकळे करतो आणि पाते एका झटक्यात बाहेर येते. ह्या वस्तूचा सारा रस त्या क्षणात, त्या आवाजात साठविलेला असतो. आपल्याकडे खटक्याच्या चाकूस 'रामपुरी' हे गावाचे नावच सामान्यनाम म्हणून चिकटले आणि चित्रपटांनी ते घराघरांत नेले; 2023 मध्ये रामपूर शहराने एका चौकात चाकूची भव्य प्रतिकृतीही उभारली. कायद्याने मात्र ह्या झटक्याकडे संशयानेच पाहिले आहे. अमेरिकेने 1958 मध्ये आणि ब्रिटनने 1959 मध्ये अशा चाकूंविरुद्ध कायदे केले. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र अधिनियमाखालील 1962 च्या नियमांनी पात्याची लांबी 9 इंच व रुंदी 2 इंच ही मर्यादा धरून घरगुती व शेतीच्या उपकरणांस वगळले. दिल्लीत मात्र 1980 च्या अधिसूचनेने खटक्याच्या व कमानीच्या चाकूंसाठी 7.62 सें.मी. लांबीची वेगळी, कडक मर्यादा घातली. कायद्याने येथे नकळत एक समीक्षा केली आहे असे म्हणता येईल. खटका पात्याची धार वाढवीत नाही, फक्त त्याचे आगमन आकस्मिक करतो. आणि आकस्मिकता हा उपकरणाचा गुण नसून धाकाचा गुण आहे.

अडकित्त्याची गती ह्याच्या नेमकी उलट आहे. ती दुसऱ्या प्रकारची तरफ होय : टेकू टोकास, सुपारी मध्ये, हात दुसऱ्या टोकास. सुपारी टेकूपासून 2 सें.मी. वर आणि हाताची पकड 12 सें.मी. वर असेल, तर लावलेला जोर सहा पटींनी सुपारीवर येतो. ही गती डोळ्यांसमोर, सावकाश आणि हाताच्या पूर्ण ताब्यात घडते. कारागिराने ह्याच गतीचा अलंकार केला आहे. घोडा, पोपट, मोर किंवा स्त्रीपुरुषांची जोडी अशा आकृती दोन भुजांवर अशा बेताने घडविलेल्या असतात की, अडकित्ता उघडताना त्या दुरावतात आणि मिटताना एकमेकींस भेटतात. येथे नक्षी वस्तूवर चढविलेली नाही. ती वस्तूच्या क्रियेतून उमललेली आहे. पितळी चाकूच्या मुठीवरील कोरीव काम कितीही सुबक असले तरी पाते उघडो वा मिटो, ते तसेच राहते. माझ्या मते दोहोंतील कलात्मक अंतर येथे आहे, आणि ते धातूच्या मोलावरून किंवा श्रमाच्या तासांवरून कधीच कळले नसते.

ह्यावर असा आक्षेप येईल की, अडकित्ताही आता संग्राह्य वस्तूच झाला आहे. आक्षेप खरा आहे. कवी 'अज्ञातवासी' म्हणजेच दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) यांनी पुण्यात आपल्या अकाली वारलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभारलेल्या संग्रहालयात अडकित्त्यांचा प्रसिद्ध संग्रह आहे. ते संग्रहालय त्यांनी 1975 मध्ये शासनास दिले. गणिती सॅम्युएल आयलेनबर्ग यांच्या संग्रहातील अडकित्त्यांवर हेन्री ब्राउनरिग यांचा ग्रंथ 1992 मध्ये निघाला. आयलेनबर्ग हे गणितातील ज्या शाखेचे एक प्रवर्तक, तिची शिकवण अशी की, वस्तू तिच्या इतर वस्तूंशी असलेल्या संबंधांवरून ओळखावी. काचेच्या कपाटात ठेवलेल्या अडकित्त्याचे नेमके हेच संबंध तुटतात : पान, चुना, तबक, सुपारी कातरणारा हात, समोर बसलेला पाहुणा. केळकरांची थोरवी ही की, त्यांनी घरगुती वस्तूस राजवस्त्राइतका मान दिला. परंतु मान देणे आणि संबंध राखणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा भेद किती निर्णायक असतो हे एका ताज्या घटनेवरून दिसते. एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावात रघुजी भोसले यांची तलवार सुमारे 47.15 लक्ष रुपयांस घेतली. तिचे पाते युरोपीय बनावटीचे. पण तिच्यावर देवनागरीत रघुजींचे नाव कोरलेले असल्यामुळे ती कोणाची हे सांगता आले, आणि म्हणूनच ती परत आली. ज्या वऱ्हाडावरील भोसल्यांचा हक्क देवगावच्या तहाने 17 डिसेंबर 1803 रोजी गेला, त्या वऱ्हाडातील घरोघरच्या अडकित्त्यांवर असे नाव कोठे असणार? त्यांचा लेख धातूवर नसून लोकांच्या स्मरणात आणि बोलीत आहे. सुपारी पुड्यांतून कातरलेलीच मिळू लागल्यापासून ते स्मरणही विरत चालले आहे. 'अडकित्त्यात सापडणे' हा वाक्प्रचार वापरणाऱ्या तरुणास दोन भुजांमधील ती कोंडी प्रत्यक्ष दिसतेच असे नाही.

तेव्हा संग्राह्यतेचा निकष पुढीलप्रमाणे मांडावा असे सुचवावेसे वाटते. वस्तू कशाची आहे आणि किती श्रमाने झाली, हे प्रश्न दुय्यम मानावेत. तिची गती आणि तिचा आकार एकमेकांस उत्तर देतात काय, आणि ती कोणाच्या हातात, कोणत्या शब्दांसह वावरली, हे प्रश्न प्रधान मानावेत. पहिल्या कसोटीवर पितळी चाकू अंशतः उतरतो, कारण त्याची जुळवणूक निर्दोष असू शकते. दुसरीवर तो उतरत नाही, कारण तो प्रथमपासूनच कोणाच्याही कामासाठी घडविलेला नसतो. अडकित्ता दोन्हींवर उतरतो, पण दुसऱ्या कसोटीचा पुरावा कपाटात मिळत नाही. तो अंजनगाव सुर्जीसारख्या गावांतील पानमळेवाले, जुने पानवाले आणि घरातील वडीलधारी स्त्रीपुरुष यांच्याकडून, उपकरणाच्या प्रत्येक भागाच्या नावासह, वेळीच उतरवून घ्यावा लागेल. वस्तू पितळेची असल्यामुळे ती टिकेल. ते शब्द तितके टिकाऊ नाहीत.