स्मरण आणि शेजारधर्म

दहशतवादास बळी पडलेल्यांच्या स्मरणार्थ आपणांकडे जें वाङ्मय निर्माण होतें, त्याचे स्थूलमानानें दोन प्रकार दिसतात: एक शोकसभेंतील भाषणाचा व दुसरा वीरगाथेचा. पहिल्यांत मृतांची संख्या असते, परंतु माणसें नसतात. दुसऱ्यांत एक माणूस असतो, परंतु त्याच्याबरोबर पडलेले इतर नसतात. पुणें शहरास तरी एवढ्यावर समाधान मानतां येण्याजोगें नाहीं. १३ फेब्रुवारी २०१० रोजीं कोरेगांव पार्कांतील जर्मन बेकरींत स्फोट होऊन १७ माणसें गेलीं. २२ एप्रिल २०२५ रोजीं पहलगाम येथें मारल्या गेलेल्या २६ जणांत दोघे पुणेकर होते. तेव्हां मृतांचें स्मरण करणें म्हणजे नेमकें काय करणें, हा प्रश्न टीकाकारानेंही आपला मानला पाहिजे.

त्या दृष्टीनें 'टू द लास्ट बुलेट' हें पुस्तक पुन्हा वाचण्यासारखें आहे. श्रीमती विनिता कामटे यांनीं पत्रकार विनिता देशमुख यांच्या साह्यानें लिहिलेलें हें पुस्तक २००९ सालीं पुण्याच्या अमेय प्रकाशनानें प्रसिद्ध केलें. लेखिकेचे पति अशोक कामटे हे मुंबईचे अतिरिक्त पोलीस आयुक्त होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं कामा रुग्णालयाजवळच्या गल्लींत हेमंत करकरे व विजय साळसकर यांच्यासह ते मारले गेले. त्या हल्ल्यांत एकंदर १६६ लोक प्राणांस मुकले.

पतीच्या मृत्यूनंतर पत्नीनें लिहिलेल्या चरित्रांत वाचक विलापाची अपेक्षा करतो. येथें मात्र लेखिका कागद मागावयास निघाल्या आहेत. माहितीच्या अधिकारान्वयें त्यांनीं पोलीस नियंत्रण कक्षाच्या बिनतारी संदेशांच्या नोंदी मिळविल्या, आणि कोणता संदेश केव्हां गेला, कुमक वेळेवर कां पोहोंचली नाहीं, हे प्रश्न त्या नोंदींच्या आधारें विचारले. हे प्रश्न शत्रूस नव्हेत, आपल्याच सरकारास आहेत, हें आम्हांस विशेष वाटतें. ज्या खात्यासाठीं पतीनें प्राण दिला त्याच खात्याकडे उत्तर मागणें, यांत निष्ठेला कमीपणा येत नाहीं. उलट शोकास येथें कांहीं काम मिळालें आहे.

पुस्तकांत उणिवा नाहींत असें नाहीं. त्याचें नांव व त्यांतील चरित्रभाग वीरगाथेच्या वळणाचा आहे, आणि तेथें चरित्रनायकावरील प्रेम लेखणीवर मात करतें. परंतु त्याहून मोठी उणीव अशी कीं, तिचा दोष लेखिकेकडे जात नाहीं. छत्रपति शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहात असतां जे मेले, त्यांच्या घरच्यांसाठीं कागद कोणीं मागावे? त्यांच्यावर पुस्तक लिहावयास कोण बसणार?

हीच कसोटी आम्ही शेजारी राष्ट्रांच्या सख्याविषयीं होणाऱ्या लेखनासही लावूं इच्छितों. तेथेंही दोनच सूर ऐकूं येतात. एक म्हणतो, झालें गेलें विसरून जावें; दुसरा म्हणतो, सीमेपलीकडचा प्रत्येक माणूस मारेकऱ्याचा साथी. पहिल्यास चौकशी नको असते आणि दुसऱ्यास तिची गरजच वाटत नाहीं. दोघांचा आळस एकाच जातीचा.

वस्तुस्थिति याहून अवघड आहे. मुंबईच्या कटाचा कांहीं भाग आपल्या भूमीवर शिजला, हें पाकिस्तान सरकारनें फेब्रुवारी २००९ मध्यें स्वतः मान्य केलें. तेथें सात जणांवर खटला उभा राहिला. परंतु त्यांतील प्रमुख आरोपीस डिसेंबर २०१४ मध्यें जामीन मिळाला. हें झांकून मैत्रीचे गोडवे गाणारा लेखक आपल्याच वाचकांस फसवितो. पण हा खटला चालविणारे सरकारी वकील चौधरी झुल्फिकार अली यांस मे २०१३ मध्यें इस्लामाबादेंत गोळ्या घालून मारण्यांत आलें, हेंही झांकतां येत नाहीं. बेनझीर भुट्टो यांच्या खुनाचा खटलाही त्यांच्याचकडे होता. पहलगामच्या मृतांत एक नेपाळी नागरिक होता, आणि पर्यटकांस वाचवूं पाहणारा तेथीलच एक मुसलमान घोडेवालाही होता.

आपल्या न्यायालयांनीं हा भेद पाळला आहे. अजमल कसाब यास वकील मिळाला, अपील करतां आलें, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २१ नोव्हेंबर २०१२ रोजीं त्यास येरवड्याच्या तुरुंगांत फाशी देण्यांत आलें. त्याच खटल्यांत दोघां भारतीय आरोपींस पुराव्याअभावीं सोडण्यांत आलें. जर्मन बेकरीच्या खटल्यांत फाशी ठोठावलेल्या आरोपीस मुंबई उच्च न्यायालयानें २०१६ सालीं स्फोटाच्या मुख्य आरोपांतून मुक्त केलें; स्फोटकें बाळगल्याबद्दलची जन्मठेप तेवढी कायम ठेवली. यांत कित्येकांस मृतांची उपेक्षा वाटते. आम्हांस तसें वाटत नाहीं. भलत्याच माणसास शिक्षा होऊन मृतांचें ऋण फिटत नाहीं.

पुण्याच्या स्फोटाच्या आदल्याच दिवशीं भारत व पाकिस्तान यांचीं बोलणीं ठरल्याचें जाहीर झालें होतें. स्फोटानंतरही तीं २५ फेब्रुवारी २०१० रोजीं दिल्लींत झालीं. ही दुर्बलता होय, असें तेव्हां अनेकांनीं म्हटलें. परंतु त्याच बैठकींत भारतानें आरोपींविषयींचीं कागदपत्रें पाकिस्तानच्या हातीं ठेवलीं. शेजाऱ्याकडे कागद मागावयाचे तर त्याच्या समोर बसावें लागतें. आणि जें सख्य असे कागद मागूं देत नाहीं, तें टिकेल असें आम्हांस वाटत नाहीं.

जर्मन बेकरींतील १७ जणांवर असें पुस्तक आमच्या पाहण्यांत आलेलें नाहीं. त्यांत इटलीचे होते, इराणचे होते. आपल्या देशांतील निरनिराळ्या गांवांहून शिकावयास व कामास आलेले होते. श्रीमती कामटे यांनीं एका माणसासाठीं जें केलें, तें या १७ जणांसाठीं कोणी मराठींत करील, तर पुढील फेब्रुवारींतील शोकसभेंत एक भाषण कमी झालें तरी चालेल.