करड्या द्रव्याचे प्रतिमांकन आणि खानदेशी बोलींचा प्रश्न

मल्टिपल स्क्लेरॉसिस हा दीर्घकाळ मेंदूतील श्वेत द्रव्याचाच विकार मानला गेला. १८६८ साली शार्को यांनी त्याचे पद्धतशीर वर्णन करताना स्मृतिमांद्याचीही नोंद केली होती. तथापि अभ्यासकांचे लक्ष खिळले ते चेतातंतूंवरील मायेलिन-आवरणाच्या ऱ्हासावर. १९६२ मध्ये ब्राउनेल व ह्यूज यांना शवविच्छेदनात सुमारे एक चतुर्थांश व्रण करड्या द्रव्याशी निगडित आढळले. नेहमीच्या एम्. आर्. आय्. चित्रात हे व्रण सहसा दिसत नाहीत. कारण ते लहान असतात आणि करड्या द्रव्यात मायेलिन मुळातच विरळ असते. मेंदूजल व श्वेत द्रव्य या दोहोंचे संकेत दडपणाऱ्या 'डबल इन्व्हर्जन रिकव्हरी' तंत्राने त्यांपैकी काही उजेडात आले.

हे यश निर्विवाद आहे. परंतु या ऱ्हासाची रुग्णाच्या स्मृतीशी सांगड घालावयाची, तर स्मृतीचे मापन यंत्र करीत नाही. ते भाषेच्या द्वारा होते. २०१२ साली पुरस्कृत झालेल्या 'बायकॅम्स' या चाचणीसंचात सोळा शब्दांची यादी पाच वेळा ऐकवून आठवतील ते शब्द विचारले जातात. धुळ्याकडील अहिराणीभाषक स्त्री 'मुलगी'ला 'आंडेर' म्हणते, 'आहे'च्या जागी 'शे' म्हणते. जळगाव जिल्ह्यातील यावल-रावेरकडे लेवा गणबोली नांदते. अशा रुग्णापुढे प्रमाण मराठीची यादी ठेवल्यास कमी गुण मेंदूच्या बाह्यकाच्या ऱ्हासामुळे पडले की शालेय भाषेच्या अपरिचयामुळे, हे सांगता येत नाही. उलट, सुशिक्षित रुग्णाचा आरंभीचा ऱ्हास चांगल्या गुणांआड झाकला जाण्याचाही संभव असतो.

यावर चिन्हांना अंक जुळविण्याची शब्दरहित चाचणी पुरेशी आहे, असे म्हणता येईल. परंतु नव्वद सेकंदांत कागदावरील चिन्हे ओळीने वाचीत जाण्याचा सरावही शाळाच देते. नुसत्या भाषांतरानेही भागत नाही : शब्दांची लांबी, वापरातील वारंवारता आणि अर्थगट बोलीगणिक बदलतात. म्हणून प्रथम बोलीतील यादी सिद्ध करावी, 'मुलगी' ऐकून 'आंडेर' सांगणाऱ्याचे उत्तर कसे मोजावयाचे ते आधी ठरवावे, आणि त्याच परिसरातील, समान वयाच्या व शिक्षणाच्या निरोगी भाषकांचे गुण तुलनेस घ्यावेत. हे कार्य भाषाविज्ञानाचे आहे. ते झाल्यावाचून बाह्यकाच्या जाडीशी लावलेला गुणांचा संबंध, आकडे कितीही नेमके असले तरी, खानदेशातील रुग्णापुरता असिद्धच राहतो.